डीझेल रेल्वे एंजिनांच्या रंगयोजना, ब्रिटनमधील

रेल्वे एंजिनाच्या बाह्यांगावरील रंग, पट्टे, अक्षरे, क्रमांक व बोधचिन्ह यांची ठरवून दिलेली मांडणी म्हणजे त्या एंजिनाची रंगयोजना होय. ब्रिटनमध्ये १९४७ ते १९६८ या काळात वाफेच्या एंजिनांची जागा डीझेल व विद्युत् एंजिनांनी घेतली. या संक्रमणकाळात डीझेल एंजिनांवर काळा, हिरवा, आकाशी, वाळूसारखा, सोनेरी पिवळा, मरून, पांढरा व अखेरीस गडद निळा असे अनेक रंग येऊन गेले. त्यांपैकी काही एकाच एंजिनापुरते व दोन-तीन वर्षांपुरतेच टिकले. त्यांमागे केवळ हौस नव्हती. नव्या यंत्राने कसे दिसावे याविषयीचा अनिश्चय, विभागीय अभिमान, कारखानदारांची विक्रीची आशा आणि रुळांवर काम करणाऱ्या माणसांच्या जिवाची काळजी, हे सर्व त्या रंगांत उमटले आहे. जो निर्णय किंवा जी आशा एखाद्या रंगामागे होती ती संपली, की तो रंगही गेला. या दृष्टीने पाहता त्या काळातील रंगयोजना हे डीझेलीकरणाच्या धांदलीचे एक साधनच आहे.

वाफेच्या एंजिनाला स्वतःचे रूप असते. बाष्पित्र, धुराडे, मोठी चाके व त्यांना जोडणारे दांडे उघड दिसतात आणि रंग त्या रूपाला उठाव देण्याचे काम तेवढे करतो. डीझेल एंजिनात हे सर्व जाऊन पत्र्याची एक लांबट पेटी उरते. आतील यंत्रणा बाहेरून मुळीच दिसत नाही. त्यामुळे पेटीला पुढचे व मागचे टोक आहे, ती जड आहे की हलकी, वेगवान आहे की संथ, हे सांगण्याचे काम रंगावर येऊन पडले. दुसरी अडचण व्यावहारिक होती. पत्र्याच्या मोठ्या सपाट बाजूंवर लांबी भरून, घोटून, अस्तराचे व रंगाचे हात देऊन वर रोगण चढविले, तरी डीझेल तेलाचे ओघळ, निष्कास वायूंची काजळी आणि ब्रेकच्या घर्षणातून उडणारी लोखंडाची तांबूस धूळ त्यांवर बसतच असे. कर्मशाळेतून बाहेर पडताना शोभणारा रंग सहा महिन्यांनंतर कसा दिसेल, हा प्रश्न प्रत्येक योजनेला सोडवावा लागला व पुष्कळ योजना त्यातच नापास झाल्या.

आरंभीचा काळ : ब्रिटनमधील मुख्य मार्गावरील पहिले डीझेल-विद्युत् एंजिन (क्र. १००००) डर्बी येथील कर्मशाळेतून डिसेंबर १९४७ मध्ये बाहेर पडले. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंते एच्. जी. आयव्हॅट यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे १,६०० अश्वशक्तीचे १६ सिलिंडरांचे एंजिन त्यात बसविले होते. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण व्हावयाचे होते. तत्पूर्वी आपल्या कंपनीच्या नावाने हे एंजिन धावावे, अशी घाई त्यामागे होती. त्याचा देह काळा, तर छप्पर, मधली पट्टी व चाकांच्या बोगी रुपेरी होत्या. कंपनीची आद्याक्षरे दोन्ही बाजूंवर धातूची उठावाची बसविली होती आणि कंपनी अस्तित्वात राहिली नाही तरी ती काही वर्षे एंजिनावर कायम राहिली. दुसरे एंजिन (क्र. १०००१) १९४८ मध्ये आले. सदर्न विभागाची तीन एंजिने १९५० ते १९५४ या काळात बांधली गेली, त्यांवरही हीच काळी-रुपेरी योजना होती. छायाचित्रात ती अत्यंत देखणी दिसते. तथापि बोगीवरील रुपेरी रंग तेल व धूळ यांपुढे टिकणे शक्यच नव्हते. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या एंजिनांना हिरवा रंग देण्यात आला. १०००० व १०००१ ही दोन्ही एंजिने पुढे भंगारात गेली. देशातील पहिल्या मुख्यमार्गीय डीझेल एंजिनाचे जतन होऊ नये, ही गोष्ट रेल्वेच्या इतिहासाच्या अभ्यासकांना आजही खटकते.

हिरवा रंग : राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या मोठ्या जलद एंजिनांना प्रथम निळा रंग देऊन पाहिला होता. तो नीट टिकेना म्हणून दोन-तीन वर्षांतच सोडून देण्यात आला आणि प्रवासी एंजिनांसाठी ‘ब्रन्झविक’ नावाचा गडद हिरवा रंग ठरविण्यात आला. १९५५ मध्ये जाहीर झालेल्या आधुनिकीकरण योजनेनुसार डीझेल एंजिने मोठ्या प्रमाणावर येऊ लागली, तेव्हा हाच हिरवा त्यांच्यावरही चढला. नव्या यंत्राला जुन्या सन्मानाचा पोशाख दिला गेला, असे म्हणता येईल.

या योजनेत प्रथम विविध कारखानदारांकडून १७४ एंजिने प्रयोगादाखल घ्यावयाची, काही वर्षे त्यांची परीक्षा करावयाची आणि मग उत्तम प्रकारांची मोठी मागणी नोंदवावयाची, असा विचार होता. यांपैकी पहिले एंजिन (डी ८०००) जून १९५७ मध्ये मिळाले. परंतु रेल्वेचा तोटा वाढत चालल्यामुळे परीक्षा पुरी होण्याआधीच मोठ्या मागण्या नोंदविल्या गेल्या. परिणामी एकमेकांशी न जुळणाऱ्या एंजिनांचे अनेक वर्ग रुळांवर आले. काही चांगली निघाली, काही दहा वर्षेही टिकली नाहीत. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी ही वाफेच्या एंजिनांची नामांकित उत्पादक होती. भारतातील मीटरमापी मार्गांसाठी वायडीएम-१ वर्गाची २० डीझेल एंजिने १९५५-५६ मध्ये याच कंपनीने पुरविली होती व ती गांधीधाम येथून चालविली जात. डीझेलच्या या स्थित्यंतरात तिचा निभाव लागला नाही आणि १९६२ मध्ये ती बंद पडली.

इतक्या निरनिराळ्या घडणीच्या एंजिनांना एकच हिरवा रंग दिल्याने त्यांच्यात वरवरची एकरूपता आली खरी. पण लांबट पेटीवर गडद हिरवा रंग निर्जीव दिसतो, हेही लक्षात आले. १९५६ मध्ये नेमलेल्या अभिकल्प मंडळाने बाहेरच्या अभिकल्पकांचा सल्ला घेण्यास सुरुवात केली. काही वर्गांवर कमरेच्या उंचीवर फिकट पट्टी आली. डब्यांखालीच एंजिन असलेल्या डीझेल प्रवासी गाड्यांच्या तोंडावर मध्यभागी एकत्र येणारे फिकट रंगाचे वळणदार पट्टे काढण्यात आले. लोकांनी त्यांना ‘मिशा’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. ई. जी. एम्. विल्क्स यांनी ‘हायमेक’ वर्गाच्या एंजिनांसाठी (१९६१ पासून) गडद हिरव्याच्या तळाशी लिंबोणी हिरव्याची पट्टी व खिडक्यांभोवती पांढरी चौकट अशी योजना केली. तळाची फिकट पट्टी उंच देहाला ठेंगणा व लांब भासविते. ब्रश कंपनीच्या ‘टाइप ४’ एंजिनांवर १९६२ पासून दोन छटांचे हिरवे रंग आले. या वर्गाची एकूण ५१२ एंजिने बांधली गेली. पण शेवटची एंजिने तयार होईपर्यंत हिरवा रंग मागे पडून ती निळ्या रंगातच बाहेर पडली.

डेल्टिक : कारखानदाराने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या एंजिनावर रेल्वेच्या रंगाचे बंधन नसे. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ मध्ये तयार केलेल्या ‘डेल्टिक’ या आद्य नमुन्याने याचा पुरेपूर फायदा घेतला. नौदलाच्या वेगवान गस्ती नौकांसाठी विकसित झालेली, सिलिंडरांची त्रिकोणी मांडणी असलेली १८ सिलिंडरांची दोन एंजिने त्यात होती व त्यांची एकूण शक्ती ३,३०० अश्वशक्ती होती. देह आकाशी निळा, बाजूंवर फिकट रंगाचे लांब पट्टे आणि मोठ्या अक्षरांत कोरलेले नाव, असे हे एंजिन काळपट वाफेच्या एंजिनांच्या रांगेत एखाद्या पाहुण्यासारखे उठून दिसे. निर्यातीची आशा त्याच्या रूपात स्पष्ट होती. उत्तर अमेरिकेतील प्रथेप्रमाणे मोठा दिवा बसविण्याची जागाही त्याच्या नाकाडावर ठेवली होती. परदेशातून मागणी आली नाही. मात्र ब्रिटिश रेल्वेने लंडन–एडिंबरो मार्गासाठी याच धर्तीची २२ एंजिने घेतली (१९६१-६२) आणि त्यांनी वाफेच्या ५५ एंजिनांचे काम उचलले. या २२ एंजिनांना आकाशी रंग मिळाला नाही. त्यांवर दोन छटांचा हिरवा आला. मूळ नमुना १९६१ मध्ये सेवेतून निघाला व १९६३ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात दाखल झाला.

वेस्टर्न विभाग : पूर्वीच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा वारसा सांगणाऱ्या या विभागाने इतरांपासून वेगळे राहण्याची परंपरा डीझेलच्या काळातही चालविली. बाकीचे विभाग विद्युत् संक्रमणाची एंजिने घेत असता याने जर्मनीतील व्ही २०० वर्गाच्या धर्तीवर द्रवीय संक्रमणाची, वजनाला हलकी एंजिने निवडली. त्यांपैकी शेवटचा व सर्वांत देखणा वर्ग म्हणजे ‘वेस्टर्न’ नावाने सुरू होणाऱ्या नावांची ७४ एंजिने (१९६१–६४). स्विंडन व क्रू येथे बांधलेल्या या एंजिनांत प्रत्येकी दोन मायबाख एंजिने मिळून २,७०० अश्वशक्ती होती. त्यांच्या बाह्यरूपाचे काम अभिकल्पक मिशा ब्लॅक यांनी पाहिले.

याच वर्गावर रंगांचे सर्वाधिक प्रयोग झाले. पहिले एंजिन डी १००० ‘वेस्टर्न एंटरप्राइझ’ डिसेंबर १९६१ मध्ये वाळवंटातील वाळूच्या रंगात बाहेर पडले, दुसऱ्यावर मरून रंग होता, तर त्यानंतरची तीन हिरवी होती. जानेवारी १९६३ मध्ये डी १०१५ ‘वेस्टर्न चँपियन’ सोनेरी पिवळ्या रंगात आले. हा रंग पिवळ्या कावेच्या जवळचा होता. म्हणजे एकाच वर्गाची एंजिने चार वेगवेगळ्या रंगांत एकाच मार्गावर धावत होती. वाळूचा रंग उन्हात मोठा मोहक दिसत असे. ब्लॅक यांनी घडविलेल्या कोनदार कडांच्या सावल्या त्यावर स्वच्छ उमटत; गडद रंगांवर त्या हरवून जात. पण तेलाचा प्रत्येक ओघळही तितकाच स्वच्छ उमटे. अखेर डब्यांना जुळणारा मरून रंग ठरला आणि बहुतेक एंजिने त्याच रंगात तयार झाली. डी १००० चा वाळूचा रंग सु. तीन वर्षांतच मरूनखाली झाकला गेला, तर सोनेरी पिवळ्याचा प्रयोगही एका एंजिनापलीकडे गेला नाही.

द्रवीय संक्रमणाची ही एंजिने इतर विभागांच्या एंजिनांशी जुळत नसल्याने पुढे अप्रमाणित ठरविण्यात आली. ‘वॉरशिप’ वर्ग १९७२ पर्यंत, ‘हायमेक’ १९७५ पर्यंत व ‘वेस्टर्न’ फेब्रुवारी १९७७ पर्यंत सेवेतून गेला. त्या वेळी ‘वेस्टर्न’ एंजिनांवर मरूनही उरला नव्हता.

कारखानदारांचे इतर नमुने : डेल्टिकनंतर आणखी काही कंपन्यांनी स्वतःच्या रंगात नमुने रुळांवर आणले. ब्रश कंपनीचे ‘फाल्कन’ (१९६१) लिंबोणी हिरवे असून त्यावर तपकिरी पट्टा होता. ‘लायन’ (१९६२) तर पूर्णपणे पांढरे असून त्यावर सोनेरी रेषा होत्या. मालगाड्या व कोळशाच्या यार्डांच्या देशात पांढरे एंजिन आणणे हे धाडस होते. त्यामागे टिकाऊपणाचा विचार नसून लक्ष वेधणे एवढाच हेतू दिसतो. पुढची मागणी दुसऱ्या कंपनीला मिळाली, ‘लायन’ बांधणाऱ्या भागीदारांपैकी बर्मिंगहॅमच्या कंपनीने एंजिने बांधणे बंद केले आणि दोन वर्षांच्या आत ते सेवेतून निघून सुटे करण्यात आले. याउलट इंग्लिश इलेक्ट्रिकचे ‘डीपी २’ (१९६२) साध्या हिरव्या रंगात इतरांत मिसळून गेले व कामात ते सर्वांहून सरस ठरले. ३१ जुलै १९६७ रोजी थर्स्कजवळ रुळांवरून घसरलेल्या सिमेंटच्या वाघिणींवर ते आदळले. या अपघातात सात प्रवासी मृत्यू पावले व एंजिनही पुन्हा दुरुस्त झाले नाही. शेवटचा नमुना ‘केस्ट्रेल’ (१९६८) पिवळा व चॉकलेटी रंगाचा असून त्याची शक्ती ४,००० अश्वशक्ती होती. १९७१ मध्ये तो सोव्हिएट रशियाला विकण्यात आला. या चारांपैकी एकही आज अस्तित्वात नाही.

पिवळे तोंड : या सर्व रंगांत एकच रंग शोभेसाठी नव्हता. वाफेचे एंजिन दुरून ऐकू येई व त्याचा धूर दिसे. डीझेल एंजिन, विशेषतः गती कमी करून उतारावरून येत असता, बरेच शांत असते आणि हिरव्या झाडीच्या पार्श्वभूमीवर त्याचे गडद हिरवे तोंड नजरेत भरत नाही. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनांना व फाटक ओलांडणाऱ्यांना त्याचा धोका स्पष्ट होता. म्हणून १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एंजिनांच्या व प्रवासी गाड्यांच्या तोंडावर पिवळ्या रंगाचा लहान चौकोन रंगविण्यास आरंभ झाला. प्रवासी गाड्यांवरील ‘मिशा’ त्याखाली गेल्या. चौकोनही अपुरा वाटल्याने १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण तोंड पिवळे करण्यात येऊ लागले. अभिकल्पकांनी विचारपूर्वक साधलेला तोल या पिवळ्या रंगाने पुष्कळदा बिघडविला, ही तक्रार खरी आहे. पण रुळांवर वाकून काम करणाऱ्याच्या दृष्टीने ती गौण होती. इतर सर्व रंग बदलले तरी पिवळे तोंड पन्नास वर्षे टिकले. पुरेशा प्रखर दिव्यांच्या नव्या गाड्यांना पिवळ्या तोंडापासून सूट देणारा नियम २०१६ मध्ये झाला.

निळा रंग : १९६४ मध्ये ‘एक्सपी ६४’ या नावाने नव्या डब्यांची एक प्रायोगिक गाडी काढण्यात आली. तिच्यासाठी ब्रश कंपनीच्या डी १७३३ या एंजिनाला निळा रंग देऊन चालकाच्या खिडकीखाली लाल चौकोन व त्यात दोन बाणांचे पांढरे बोधचिन्ह रंगविण्यात आले. जेरी बार्नी यांनी आखलेले हे चिन्ह आजही ब्रिटनमधील स्थानकांवर दिसते. लाल चौकोन मात्र त्या एकाच एंजिनावर व अल्पकाळ राहिला. पुढे ठरलेला निळा या प्रायोगिक छटेहून गडद होता. जानेवारी १९६५ मध्ये नवी योजना लोकांपुढे मांडली गेली आणि त्यानंतर रंग, अक्षरवळण व चिन्ह यांचे नियम घालून देणारी पुस्तिका निघाली. विभागांची, कंपन्यांची व कर्मशाळांची निवड संपली.

प्रत्यक्षात बदल सावकाश झाला. एंजिन मोठ्या दुरुस्तीसाठी आल्याखेरीज त्यास नवा रंग मिळत नसे. त्यामुळे हिरवा देह व पूर्ण पिवळे तोंड, मरून देह व पूर्ण पिवळे तोंड, निळा देह व लहान पिवळा चौकोन अशा कोणत्याही पुस्तिकेत नसलेल्या योजना निर्माण झाल्या. ऑगस्ट १९६८ मध्ये वाफेची नियमित सेवा संपल्यावर डीझेल एंजिनाच्या क्रमांकाआधीचे ‘डी’ हे अक्षर निरर्थक ठरले. ते गाळण्यात आले, परंतु पुष्कळ ठिकाणी नुसतेच खरवडले वा रंगाने झाकले गेले. १९७० नंतरच्या दशकातही काही एंजिने जुन्या हिरव्यात धावत होती. त्यांपैकी ४०१०६ या एंजिनाला १९७८ मध्ये मुद्दाम पुन्हा हिरवा रंग देण्यात आला. एकेकाळी सर्वसामान्य असलेला रंग तोवर पाहण्यासाठी लोक दूरवरून येऊ लागले होते.

नियमाच्या कडक चौकटीला शेडमधील कामगारांनीच प्रथम तडा दिला. राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७७ मध्ये लंडनच्या स्ट्रॅटफर्ड शेडने आपल्या दोन एंजिनांवर राष्ट्रध्वज रंगविला व छपरे रुपेरी केली. रुपेरी छप्पर ही पुढे त्या शेडची खूणच झाली. १९७९ मध्ये फिन्सबरी पार्क शेडने आपल्या डेल्टिक एंजिनांच्या खिडक्यांभोवती पांढरी चौकट रंगविली. १९८१ मध्ये ती एंजिने यॉर्क शेडकडे गेल्यावर ती चौकट पुन्हा निळ्याने झाकण्यात आली. भारतातही डब्ल्यूडीएम-२ वर्गाच्या एंजिनांवर शेडनिहाय निरनिराळे रंग दिसत असत व जाणकार प्रवासी केवळ रंगावरून एंजिन कोणत्या शेडचे ते ओळखीत. डेल्टिक वर्गाची शेवटची फेरी २ जानेवारी १९८२ रोजी झाली.

अभ्यासाची साधने : अल्पजीवी रंगांची खरी छटा निश्चित करणे अवघड असते. त्या काळातील बहुसंख्य छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि रंगीत फिल्मवरील छटा फिल्मच्या जातीनुसार व काळाच्या ओघात बदलतात. एकच निळा एका छायाचित्रात करडा, तर दुसऱ्यात हिरवट दिसतो. याहून भरवशाचे साधन म्हणजे एंजिनावरचेच जुने थर. पत्र्याचा एक लहान भाग टप्प्याटप्प्याने घासत नेला, की निळा, त्याखाली मरून, त्याखाली मूळ रंग व तळाशी अस्तर अशी वलये उघडी पडतात. अर्थात रोगणाने पिवळसर झालेला थर म्हणजे नव्या रंगाची छटा नव्हे, याचे भान ठेवावे लागते. शिवाय दुरुस्तीत पूर्ण जुना रंग खरवडून टाकला असेल, तर हा पुरावाही नष्ट होतो.

‘वेस्टर्न’ वर्गाची सात एंजिने जतन करण्यात आली आहेत. त्यांपैकी डी १०१५ हे पुन्हा चालू स्थितीत आणून २००२ मध्ये मुख्य मार्गावर धावू लागले व जतनानंतर त्याने आपला सोनेरी पिवळा रंगही पुन्हा धारण केला. वाळूच्या रंगाचे डी १००० मात्र १९७४ मध्ये सेवेतून निघून भंगारात गेले. कारखानदारांच्या रंगीत नमुन्यांपैकी केवळ आकाशी रंगाचे डेल्टिक ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहात उरले आहे.